ओढणाऱ्या अंगांसाठी : ‘रापण’ प्रयोगाच्या नोंदी

२३ नोव्हेंबर २०२४

माणसं ठरली. अकरा. सहा कॉलेजातली मुलं-मुली, तीन बचत गटातल्या बायका आणि ज्यांचं सगळं आयुष्य रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढण्यात गेलं असे दोघे. जागा सिंधुदुर्गातला आचऱ्याचा किनारा. प्रयोगाचं बीज एवढंच : अकरा जण वाळूवर दोर ओढतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर माशाची एकेक फासळी, म्हणजे अंगावर घालायचं बांबूचं शिल्प आहे. मधला दोर म्हणजे माशाचा कणा. सगळे जवळ सरकत आले की सुट्या माणसांतून एक मोठा मासा उभा राहतो आणि तो स्वतःलाच समुद्रातून ओढून काढत असतो.

रापण कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी लिहून ठेवते. होडी जाळं टाकत पाण्यात अर्धगोल घेते आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. एकेका दोराला एकेक जथा लागतो. जाळं हळूहळू आत येतं, दोन्ही जथे एकमेकांकडे सरकत जातात. मासळी मिळाली तर वाटे पडतात, नाही मिळाली तर सगळ्यांचेच हात रिकामे. एकट्याने करता येईल असं त्यात काहीच नाही. मला एकट्याने नाचणारं शिल्प नको होतं, म्हणून हा विषय.

आम्ही एकच दोर घेणार आहोत. दुसऱ्या दोराच्या जागी समुद्र.

३० नोव्हेंबर, अवस लागली

माणगा बांबूच्या काठ्या तोडून आणल्या, चौदा. माणगा का, तर तो जवळजवळ भरीव असतो, सरळ वाढतो आणि सिंधुदुर्गात घराघरामागे आहे. तीन वर्षांच्या वरच्याच काठ्या घेतल्या. कोवळी काठी वाकते छान, पण वाळली की सुरकुतते.

काळोख्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला घुण लागत नाही असं इथे सगळेच सांगतात. घुण येतो तो बांबूतल्या पिठूळ अंशासाठी, एवढं मला माहीत आहे. तो अंश कमी करायचा खात्रीचा उपाय म्हणजे वाहत्या पाण्यात भिजत ठेवणं. म्हणून अवसही पाळली आणि काठ्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, दगडाखाली दाबूनही ठेवल्या. तीन आठवडे हात लावायचा नाही.

८ डिसेंबर

संध्याकाळी सहाला जागा पाहायला गेलो आणि चालायला वाळूच सापडेना. पाणी भरून वर आलेलं, सुरूच्या बनापुढे अरुंद पट्टी तेवढी उरलेली. अकरा माणसं, पाठीवर फासळ्या आणि लांब दोर, हे त्या पट्टीवर मावणंच शक्य नाही.

सोबतच्या रापणकर आजोबांनी वाळूवर बोटाने हिशेब मांडून दाखवला. हा हिशेब किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात आहे, पण मी कधी मन लावून ऐकला नव्हता. तिथीला पाऊणने गुणायचं, म्हणजे भरतीची वेळ येते. आज अष्टमी, आठ पाऊणे सहा, म्हणून सहाला भरती. चतुर्थीला तीन वाजता. पुनवेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. मिनिटांचा काटा यात जुळत नाही, जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण प्रयोगाचा दिवस ठरवायला एवढं पुरे.

म्हणजे पुनवेला किंवा अवसेला ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, सूर्य मावळायच्या तासभर आधी. शिवाय ते उधाणाचे दिवस, पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं, त्यामुळे ओली घट्ट वाळू भरपूर मिळते. आज अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती होती, म्हणून पाणी अजून वर आलं नाही, एवढंच आमचं नशीब.

१२ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा. दिवस पक्का.

१५ डिसेंबर

कागद, तार आणि गोणपाटाचा पहिला नमुना फसला. फार जपून केला होता. कार्यशाळेतल्या लाकडी पुतळ्यावर माप घेतलं, फासळी डोक्यावरून डौलदार वळवली, पट्टे खांद्यावर बसवले. पुतळ्यावर शिल्प सुंदर दिसत होतं.

एका मुलीच्या अंगावर ते चढवलं आणि दोर ओढायला सांगितलं. ती मागे झुकली तशी फासळीची वरची कमान तिच्यामागे वाळूला टेकली, आणि खालचं टोक कंबर सोडून वर उचललं गेलं. खांद्याचे पट्टे गळ्याशी आले. चार पावलांत तिने हात वर केला.

आजोबा उकिडवे बसून बघत होते. ते म्हणाले, “मूर्ती उभी असता म्हणान माणूस उभो रवतलो काय?” मग उठून त्यांनी दोर हातात घेतला आणि दाखवलं. टाचा वाळूत रुतवलेल्या, गुडघे किंचित मोडलेले, पाठ मागे कललेली, हनुवटी आत. “दोर हातान वडूचो नाय, पायान वडूचो.”

त्यांचे बाजूने फोटो काढले आणि घरी येऊन कोनमापक लावला. पाठ सुमारे ३० अंश मागे. जोर लावताना त्याहूनही जास्त.

२१ डिसेंबर

सुपं, रोवळ्या, हारे विणणाऱ्या काकींकडे दिवसभर होते. कामट्या कशा काढायच्या ते नीट शिकायला गेले होते, परत आले ते वेगळंच घेऊन.

त्यांच्या पडवीत छपराला जुनं इरलं टांगलेलं होतं. बांबूच्या दोन जाळ्या आणि मध्ये पानांचे थर, होडी अर्धी कापून उपडी घातल्यासारखा आकार. लहानपणी शेतात शेकडो पाहिली असतील. आता प्लास्टिकच्या खोळी आल्या. मी विचारून ते खाली काढलं आणि डोक्यावर घेतलं. उभी राहिले तर ते मागे ओढायला लागलं, हाताने धरून ठेवावं लागलं. एवढी वर्षं वापरातली वस्तू इतकी बेढब कशी, असं मनात आलं तोच काकी म्हणाल्या, “ह्यां उभ्या माणसाचां नाय गो. ह्यां वाकलेल्या माणसाचां.”

मी तिथेच अंगणात लावणीला वाकतात तशी वाकले. इरलं पाठीवर अलगद बसलं, कुठे बांधायची गरज नाही. डोक्याला टेकू, पाठीवर भार, दोन्ही हात मोकळे, बाजूने वारा आणि कमरेपर्यंत आडोसा. पंधरा मिनिटं तशीच वाकून राहिले. काकींनी काम थांबवलं नाही, त्यांना त्यात नवल नव्हतं.

माझी चूक कुठे झाली ते मला तेव्हा अंगानेच कळलं. मी शिल्प माणसावर ठेवत होते. इरलं करणाऱ्याने ते कामावर ठेवलं आहे, लावणी या एका हालचालीवर. आमचं काम रापण आहे, म्हणून माप ओढणाऱ्या पाठीवरच घ्यायचं. सरळ उभं राहिल्यावर ते विचित्र दिसलं तरी चालेल, किंबहुना दिसायलाच हवं. दोर हातात आला की मगच त्याचा आकार पुरा होईल.

आणखी एक वाक्य काकींचं, चालीरीतीसारखं सहज बोललेलं : “आधी वजन खंय बसतां तां बघ, मगे आकार बघ.”

घरी येऊन जर्मन चित्रकार-शिल्पकार ऑस्कर श्लेमरच्या वेशांची चित्रं पुन्हा काढली. जर्मनीत श्टुटगार्टला १९२२ साली त्याने ‘ट्रायाडिक बॅले’ केला : तीन नर्तक, अठरा वेश. गोल, शंकू, चकत्या, तारेची कडी. त्या वेशात माणसाला हवं तसं नाचताच येत नाही, वेश देईल तेवढीच हालचाल मिळते. मला तो फार आवडतो. पण त्याच्याकडे आकार आधी आला आणि हालचाल त्यातून निघाली. आमच्याकडे हालचाल शेकडो वर्षांची तयार आहे. मला उलट्या दिशेने जायचं आहे.

२४ डिसेंबर

फायबरग्लासमध्ये साचा काढून दिला तर अकरा फासळ्या आठवड्यात होतील, हलक्या आणि टिकाऊ, असं एका ओळखीच्या कारागिराने सुचवलं. नाही म्हटलं. रिबेका हॉर्न या जर्मन शिल्पकर्तीने तरुणपणी पॉलिएस्टर आणि फायबरग्लासवर मास्क न लावता काम केलं, फुप्फुसं बिघडली आणि ती दीर्घकाळ आरोग्यधामात पडून राहिली. अंगावर घालायची मऊ शिल्पं तिने त्यानंतर सुरू केली, कापड, पट्ट्या, पिसं घेऊन. डोक्यावर उंच शिंग बांधून शेतातून चालणारी बाई तिचीच. गेल्या सप्टेंबरात ती गेली. माझ्या कार्यशाळेत पहिल्या वर्षाची मुलं येतात. तिथे ती भुकटी उडणार नाही.

२ जानेवारी २०२५

काठ्या व्हाळातून काढल्या त्याला दहा दिवस झाले. वास भयंकर होता, आता गेला.

रचना अशी. पाठीला शिडीसारखा सांगाडा : दोन उभ्या जाड पट्ट्या, तीन आडव्या. खाली रुंद कमरपट्टा, जुन्या गोणपाटात कापूस भरून शिवलेला. वजनाचा मोठा हिस्सा या पट्ट्यावर, म्हणजे कमरेच्या हाडांवर यायला हवा. खांद्याचे पट्टे सांगाडा पडू नये एवढ्यापुरते. फासळी शिडीच्या माथ्यातून निघते, डोक्यावरून जाते आणि बाहेरच्या बाजूला उतरते. दोराच्या डावीकडच्यांची डावीकडे, उजवीकडच्यांची उजवीकडे. सहा डाव्या, पाच उजव्या.

एका बाजूला फासळी म्हणजे अंग त्या बाजूला झुकणार. त्यासाठी आतल्या कमरेला कॅनव्हासची लहान थैली लावली. तीत वाळू किनाऱ्यावरच भरायची, जाताना तिथेच सोडायची. कोणाला किती लागेल ते ज्याने-त्याने आपलं अंग बघून ठरवायचं. वजन करून बघितलं तर मुठीने भरलेली वाळू सगळ्यांची वेगवेगळी, कुठे ३०० ग्रॅम, कुठे ५००, आणि प्रत्येकाची बरोबर.

सांधे आधी नायलॉनच्या दोरीने बांधले होते. बांबूच्या गुळगुळीत पाठीवर ती सरकते. सुंभाने बांधल्यावर प्रश्नच मिटला. काथ्या खरखरीत, बांबूला चावून धरतो, आणि खाऱ्या पाण्याची त्याला सवय आहे. नाहीतरी नारळाची सोडणं महिनोन्महिने खाडीच्या पाण्यात कुजवूनच तो काढतात.

माप घ्यायला प्रत्येकाला खांबाला बांधलेला दोर ओढत उभं केलं आणि त्या कललेल्या पाठीवर ओल्या कामट्या वाकवून बांधल्या. एकेकाला वीस-पंचवीस मिनिटं लागली. बचत गटातल्या एका ताईंनी मध्येच सांगितलं, “जरा थांबा, श्वास घेतल्यावर पोट पुढे येतं, ते माप धरा.” त्या दिवसापासून पट्टे श्वास भरून घेतल्यावरच बांधतो.

एका फासळीचं वजन आता २ किलो १०० ग्रॅम. पहिला नमुना साडेपाच किलोचा होता.

५ जानेवारी, रात्री जत्रेहून परत

दशावतार पाहिला, पण खरं पाहायचं होतं ते पडद्यामागे. कंपनीच्या एका कलाकाराने फार आपुलकीने बसवून घेतलं. पेटाऱ्यातून एकेक वस्तू निघत होती. डोक्याला आधी कापडाची पट्टी आवळून बांधतात आणि मुकुट त्या पट्टीवर बसतो, डोक्यावर नाही. रात्रभर युद्धं, गिरक्या, पण मुकुट हलत नाही. आमच्या कपाळपट्टीला हाच उपाय.

पूर्वरंगात संकासुर राक्षस आला तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं आईच्या मांडीत शिरली. एक काळा झगा आणि एक मुखवटा, बाकी सगळं त्या माणसाच्या चालीत.

१३ जानेवारी, पौष पौर्णिमा

वाऱ्याने पाडलं.

दुपारी चारला पाच जणांनी फासळ्या घालून सराव सुरू केला. फासळ्यांमध्ये मी पांढरं सुती कापड ताणून लावलं होतं, माशाच्या कातड्यासारखं उजेडात चमकावं म्हणून. या दिवसांत सकाळी जमिनीवरून मतलई वाहते, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो आणि तिसऱ्या प्रहरी जोरात असतो. कापड शिडासारखं फुगलं. सगळ्यात किरकोळ अंगाची मुलगी बाजूला फेकली गेली आणि मनगटावर पडली. मनगट मुरगळलं, हाड शाबूत आहे. तिच्या घरी मी स्वतः जाऊन आले.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे शाळेत शिकवलेलं गणित माझ्या डोक्यात होतं आणि तरी मी घरच्या अंगणात, भिंतीच्या आड, कापड लावून बघितलं होतं. किनाऱ्यावर घालायची वस्तू किनाऱ्यावरच घालून बघायला हवी होती.

कापड काढलं. त्याजागी वाहून आलेली जुनी जाळी, मोठ्या आसाची, मोठ्या भोकांची, म्हणजे वारा आरपार जाईल. सुरूच्या मुळांत अडकलेली होती ती मुलांनी दोन दिवसांत सोडवली, तीन पोती भरली. जाळीचा निळा-हिरवा रंग विटलेला आहे, आणि ते मला कापडाच्या पांढऱ्यापेक्षा खूप खरं वाटतं. आम्ही मासा करायला निघालो आणि त्याच्या अंगावर जाळं आलं. या रचनेतली सगळ्यात बोलकी गोष्ट वाऱ्यामुळे मिळाली, एका मुलीच्या मनगटाच्या मोबदल्यात. तो मोबदला मी कोणाकडून मागणार नव्हते.

१९ जानेवारी

बांबूला काजूच्या टरफलाचं तेल लावलं होतं, होडीच्या लाकडाला लावतात तसं. वरून वाळलं होतं, सांध्यांच्या सुंभात मात्र ओलं राहिलं. दोघांच्या मानेवर फोड आले. त्या तेलाने अंग भाजतं हे इथल्या कुठल्याही लहान पोराला विचारावं, आणि ते मी अंगाला लागणाऱ्या वस्तूला लावलं. सगळे सांधे सोडून सुंभ नवा घातला, शिड्या गोडेतेल आणि राखेने घासून पुन्हा पुन्हा पुसल्या, मानेच्या भागाला सुती पट्टी गुंडाळली. पाच दिवस गेले.

आता बांबूला वरून काहीच नाही. प्रयोग एकदाच व्हायचा आहे, त्याला वीस वर्षांचं रोगण कशाला?

डोक्यांसाठी अर्धे मुखवटे कागदाच्या लगद्याचे, चिंचोक्याच्या खळीत. सावंतवाडीच्या गंजिफांचं कापडही याच खळीने कडक करतात. भुवईच्या खाली काही नाही : नाक, तोंड, डोळे उघडे. ओढणाऱ्याचा चेहरा झाकायचा नाही असं मी पहिल्यापासून धरून आहे. खाऱ्या हवेत लगदा दमट होतो, म्हणून रोज सकाळी पत्र्यावर उन्हात.

२९ जानेवारी, अवस

पुनवेसारखीच ओहोटी म्हणून आज पूर्ण रंगीत तालीम. अकराही जण. आजोबांनी हेल, म्हणजे ओढायची हाक दिली आणि सगळ्यांनी एकदम पाठी टाकल्या. इतके दिवस अंगणात वेड्यावाकड्या दिसणाऱ्या फासळ्या त्या एका क्षणात एका रेषेत आल्या. मी पाण्याच्या बाजूने बघत होते. पाठी सैल पडल्या की मासा मोडायचा, पुन्हा हेल, पुन्हा मासा. हे मी आखलेलं नव्हतं. मासा सतत दिसेल असं मी धरून चालले होते. तो श्वासासारखा येतो-जातो.

मी लगेच ठरवलं : जवळ येऊन एकदा पुरा होणारा मासा हा शेवट काढून टाकायचा. हेल आणि ओढ, बस.

मनगट दुखावलेल्या मुलीला दोर न धरता पुढे चालायला सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही, डाव्या हाताने धरला.

८ फेब्रुवारी

परवानग्या हातात आल्या. कासवांचे अंडी घालायचे दिवस आहेत, म्हणून वनखात्याच्या माणसाबरोबर पूर्ण पट्टी चालून पाहिली. घरटं नाही. तरी दिवे नाहीत, स्पीकर नाही, अंधार पडायच्या आत वाळू रिकामी. जाळीच्या तुकड्यांना नंबर घातले, एकूण ६४. जेवढे नेऊ तेवढे परत यायला हवेत.

१२ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा

साडेचारला थैल्या भरल्या. पाच वाजता वारा अजून होता, पण जाळीतून शिट्टी वाजवत निघून जात होता. पाणी खूप आत गेलेलं. दोराचं पाण्यातलं टोक एका होडीला बांधलं होतं आणि होडी नांगरावर, त्यामुळे ओढ खरी होती. खोटं ओढायचं नाही, हे आजोबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

माणसं तीनशेच्या आसपास असावीत, बहुतेक गावातलीच. सुरुवातीला थोडं हसू, थोडे मोबाइल. सातव्या-आठव्या हेलाला मागून कोणीतरी सूर मिळवला. मग आणखी काही जणांनी. रापणीचे जुने गडी प्रेक्षकांत होते, त्यांना कुठे जोर द्यायचा ते कळत होतं, आमच्या मुलांपेक्षा चांगलं. विसाव्या हेलाच्या सुमाराला त्यातले चौघे उठून दोराला लागले. अंगावर फासळी नाही, मुखवटा नाही, लुंगी आणि बनियन. माशाला मध्येच चार ठिकाणी फासळ्या नव्हत्या, नुसत्या पाठी होत्या, आणि मासा त्यांच्यामुळे मोडला नाही. त्यांच्या पाठी आमच्या मापाच्या निघाल्या.

मी त्यांना थांबवलं नाही.

सूर्य टेकला तेव्हा सुरूच्या मागून चंद्र वर आला होता. हेल थांबला. दोर खाली ठेवला, फासळ्या उतरवल्या, वाळू ओतून दिली. सगळ्यांच्या पाठीवर घामाचा आडवा पट्टा, जिथे कमरपट्टा होता तिथे. खांद्यांवर वळ कोणाच्याच नाहीत. ते मी प्रत्येकाचं मुद्दाम बघितलं.

जाळीचे तुकडे ६३ भरले. विजेरी लाल कागदात गुंडाळून दोघं शोधत राहिलो. सव्वासातला सापडला, होडीच्या दोरात.

१६ फेब्रुवारी

फासळ्या काकींच्या पडवीत नेऊन ठेवल्या. त्यांनी एक उचलून पाठीवर घेतली आणि सवयीने लावणीला वाकल्या. ती सरळ त्यांच्या डोक्यावरून पुढे घसरली. “उलटी आसा,” एवढंच म्हणाल्या. मग दोर धरल्यासारखे हात केले, मागे झुकल्या, आणि फासळी बसली. तशाच थोडा वेळ राहिल्या.

चार फासळ्या मी ठेवून घेतल्या. सात काकींनी सोडल्या, सुंभ वेगळा, पट्ट्या वेगळ्या. पट्ट्या आता त्यांच्या दगडी डोणीत भिजत आहेत, पुढच्या आठवड्यात रोवळ्या होतील.